कर्मवीर अण्णा आणि वाडीवरची शाळा



आपल्या शाळेत कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो लावलेला आहे. पांढरी शुभ्र दाढी, भव्य कपाळ आणि करारी नजर. त्यांनी वसतिगृहे काढली, हायस्कुले काढली, कॉलेज काढले, हे आपण भाषणात नेहमी ऐकतो. पण पहिली-दुसरीच्या लहान पोरांसाठी त्यांनी काय केले, ते फारसे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

अण्णांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, म्हणजे आताच्या सांगली जिल्ह्यातले, वाळवे तालुक्यातले. ते शिकायला कोल्हापुरात होते. तेथे राजर्षी शाहू महाराजांनी सर्व जातींच्या मुलांसाठी चालवलेली वसतिगृहे त्यांनी पाहिली. स्वतः अण्णा मॅट्रिकसुद्धा झाले नाहीत. पुढे साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या, तेव्हा लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. मग किर्लोस्करांचे नांगर विकायचे काम धरले. त्या निमित्ताने खेडोपाडी हिंडणे झाले. शेतकऱ्याची पोरं दिवसभर गुरामागं फिरतात, शेळ्या राखतात, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दारात बसतात, आणि त्यांना अक्षराची ओळखही होत नाही, हे तेव्हा गावोगाव दिसायचे.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली. तेथे सर्व जातींची मुले एकाच पंगतीला जेवू लागली. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. मुले स्वतः दळण, स्वयंपाक, शेतकाम करून शिकत. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले. पैशाची मात्र कायम ओढाताण. पोरं उपाशी राहू नयेत म्हणून अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. त्यांना सगळे रयतमाऊली म्हणतात ते उगीच नाही.

आता खरी गोष्ट ऐका. वसतिगृहात येऊन पुढचे शिकायचे तर आधी चार इयत्ता झालेल्या पाहिजेत. पण ज्या वाडीत शाळाच नाही, तिथल्या पोराने चार इयत्ता करायच्या कुठे? म्हणजे सगळे मूळ पहिल्या इयत्तेत आहे. पाया नसेल तर भिंत उभी राहत नाही. जे मूल सहाव्या-सातव्या वर्षी शाळेत बसले नाही, ते बाराव्या वर्षी वसतिगृहाच्या दारात येणार कसे?

शाळा काढायची तर शिक्षक पाहिजे. नुसता शिकलेला माणूस चालत नाही. लहान मुलांना शिकवणे मोठ्यांना शिकवण्यापेक्षा अवघड. मूल रडते, घरी पळते, एका जागी बसत नाही. त्याच्या कलाने घ्यावे लागते. म्हणून १९३५ साली अण्णांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. खेड्यातलीच मुले तिथे शिकून शिक्षक झाली. अशा मास्तरला वाडीतल्या लोकांची भाषा येत होती आणि त्यांची गरिबी ठाऊक होती.

त्यानंतर, जिथे सरकारची शाळा नव्हती अशा लहान गावांत, वाड्यांत व डोंगरातल्या वस्त्यांवर त्यांनी व्हॉलंटरी शाळा काढायला सुरुवात केली. इमारतीची वाट पाहिली नाही. देऊळ, चावडी किंवा कुणाची तरी पडवी, जे मिळेल त्यात शाळा भरायची. एकच मास्तर सगळ्या इयत्ता सांभाळायचा. मोठ्यांना गणित घालायचे आणि तोवर धाकट्यांना पाटीवर अक्षर गिरवायला लावायचे. अशा ५७८ शाळा झाल्या! पुढे त्या जिल्हा स्कूल बोर्डाच्या ताब्यात दिल्या गेल्या.

तेव्हा सातारा जिल्हा फार मोठा होता. १९४९ साली त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली नाव मिळाले. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांतल्या कितीतरी शाळांचे मूळ त्या देवळातल्या शाळेत आहे.

त्याच सुमारास तिकडे ठाणे भागात ताराबाई मोडक याहून लहान मुलांसाठी झटत होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले, पुढे त्या कोसबाडला गेल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. त्यातूनच अंगणवाडी आली. अण्णा वाडीपर्यंत पोचले आणि ताराबाई अंगणापर्यंत. दोघांचा रस्ता एकच होता.

१९५९ साली अण्णांना पद्मभूषण मिळाले आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. पदवी दिली. जो माणूस मॅट्रिक नव्हता, त्याला विद्यापीठाने डॉक्टर केले! त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

पालकहो, आता शाळा गावात आहे, अंगणवाडीही जवळ आहे. तरीसुद्धा ऊसतोडीच्या दिवसांत काही पोरं फडावर असतात. एखादी मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते. पहिलीचे पोरगे आहे, चार दिवस नाही गेले तर काय बिघडते, असे आपण म्हणतो. पण पहिलीतच बिघडते. हुकलेले अक्षर पुढे चौथीत आडवे येते.

मित्रांनो, तुमच्या शेजारचे कोणी पहिली-दुसरीचे मूल घरी राहिले असेल, तर उद्या शाळेला येताना त्याला हाक मारा आणि हात धरून बरोबर आणा. अण्णांच्या फोटोला हार आपण वर्षातून एकदा घालतो. हे काम रोज करता येईल.

कर्मवीर अण्णांना आणि रयतमाऊली लक्ष्मीबाईंना आमचे शतशः प्रणाम!