विश्लेषण : खुबा बदलल्यावर एक पाय लांब का वाटतो? जॉन चार्नली यांच्या आयुष्यात सापडणारे उत्तर

खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया होते. अनेक वर्षांचे दुखणे थांबते. वॉकर घेऊन घरात फेऱ्या सुरू होतात आणि मग रुग्णाच्या लक्षात येते, की शस्त्रक्रिया झालेला पाय दुसऱ्यापेक्षा लांब वाटतो आहे. घरच्यांच्या मनात पहिली शंका येते ती डॉक्टर चुकले का, ही. कधी कधी तसे असतेही. पण अनेकदा कारण वेगळे असते. ते समजून घ्यायचे तर आजच्या खुबारोपणाचा पाया घालणारे ब्रिटिश शल्यविशारद सर जॉन चार्नली यांनी काय केले आणि का केले, हे पाहावे लागते.

कोण होते चार्नली?

इंग्लंडच्या लँकेशायरमधील बरी या गिरणगावात २९ ऑगस्ट १९११ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे औषधांचे दुकान, आई परिचारिका. मँचेस्टरमधून १९३५ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे फेलो. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याच्या वैद्यकीय दलात होते. डंकर्कच्या माघारीत त्यांनी काम केले, नंतर इजिप्तमध्ये. तिथे लष्करी कार्यशाळेतील कारागिरांना हाताशी धरून त्यांनी अस्थिशल्यासाठी लागणारी साधने बनवून घेतली. लेथ मशीनची ही आवड आयुष्यभर टिकली.

स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची त्यांची खोडही जुनीच. हाडाचे रोपण कसे जुळते हे पाहण्यासाठी त्यांनी सहकाऱ्याकडून स्वतःच्या नडगीवर शस्त्रक्रिया करून घेतली. त्यात जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली.

करकरणारा खुबा

त्या काळी फ्रान्समधील ज्यूडे बंधूंनी बनवलेला अ‍ॅक्रिलिकचा गोळा मांडीच्या हाडाच्या टोकावर बसवत असत. असा गोळा बसवलेला एक रुग्ण चार्नली यांच्याकडे आला. तो पुढे वाकला की खुबा करकरायचा. जेवणाच्या टेबलावर हा आवाज इतका व्हायचा, की त्याची पत्नी तिथून उठून जायची. इतरांनी हे हसण्यावारी नेले असते. चार्नली यांनी मात्र त्यात घर्षण ऐकले. आवाज येतो म्हणजे गोळा अडखळतो आणि अडखळतो म्हणजे प्रत्येक पावलाला तो हाडातून सैल होत जातो.

निरोगी सांध्यातील कूर्चा स्वतःच अत्यंत निसरडी असते आणि झिजलेल्या सांध्यात हा गुण उरत नाही, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. म्हणजे नुसता गोळा बदलून उपयोग नाही, वाटीही बदलायला हवी, आणि तीही निसरड्या पदार्थाची. त्यांनी टेफ्लॉन निवडले. धातूचा दांडा हाडात पक्का करण्यासाठी कवळीत वापरतात त्या जातीचे अ‍ॅक्रिलिक सिमेंट घेतले. ते सुचवले होते मँचेस्टरच्याच डेनिस स्मिथ या दंतसाहित्याच्या रसायनतज्ज्ञाने.

गोळ्याचा आकारही त्यांनी टप्प्याटप्प्याने लहान करत २२.२२५ मिलिमीटरवर, म्हणजे ७/८ इंचावर आणला. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकलेला टॉर्कचा नियम इथे आठवतो : बल गुणिले अंतर. गोळ्याची त्रिज्या कमी, तर वाटीला हाडातून उखडू पाहणारे पिळाचे बलही कमी. शिवाय वाटी जाड ठेवता येते.

सुमारे ३०० खुबे आणि एक चूक

सुरुवातीचे निकाल थक्क करणारे होते. वर्षानुवर्षे खुरडत चालणारे लोक काठीशिवाय चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजू लागले. झिजेच्या कणांनी भोवतीच्या पेशींत दाह सुरू केला आणि खुबे सैल झाले. अशी सुमारे ३०० रोपणे झालेली होती. टेफ्लॉनचा दोष तपासण्यासाठी चार्नली यांनी त्याचा नमुना स्वतःच्या मांडीत टोचून घेतला आणि तिथे गाठ आलेली पाहिली. रुग्णांच्या दुरुस्तीच्या शस्त्रक्रियाही त्यांनी स्वतः केल्या.

मार्ग निघाला तो गिरण्यांतून. मे १९६२ मध्ये लँकेशायरच्या मागांसाठी प्लास्टिकचे गिअर विकणारा एक विक्रेता विगनजवळच्या राइटिंग्टन रुग्णालयात आला. त्याच्याकडचे पॉलिएथिलीन चार्नली यांना पटले नाही. तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परदेशी गेलेले असताना ते झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवले. तीन आठवड्यांत त्याची जेवढी झीज झाली, त्याहून जास्त टेफ्लॉनची एका दिवसात होत असे. नोव्हेंबर १९६२ पासून चार्नली यांनी पॉलिएथिलीनच्या वाट्या बसवायला सुरुवात केली. आता त्यांनी घाई केली नाही. बराच काळ हे रोपण राइटिंग्टनला येऊन शिकलेल्या शल्यविशारदांनाच मिळत असे.

मग पायाच्या लांबीचे काय?

लहान गोळ्याने घर्षण कमी झाले, पण एक अडचण वाढली. गोळा जितका लहान, तितका तो वाटीतून चटकन निसटतो. त्याला जागेवर धरून ठेवतो तो खुब्याभोवतीच्या स्नायूंचा ताण. हा ताण वाढवण्याचा सोपा उपाय म्हणजे गोळ्याखालची मान लांब घेणे. पण मान लांब घेतली की पायही लांब होतो.

चार्नली यांनी यातून वाट काढली होती. मांडीच्या हाडाच्या वरच्या बाजूला एक उंचवटा असतो, ट्रोकँटर. खुब्याला आधार देणारे स्नायू त्याला जोडलेले असतात. चार्नली तो उंचवटा स्नायूंसह कापून बाजूला करत आणि शेवटी थोडा खाली, बाहेरच्या अंगाला तारेने बांधत. स्नायू ताणले जात, पायाची लांबी मात्र तशीच राही. त्यांच्या पद्धतीतील ही सर्वांत हुशार गोष्ट, असे मला वाटते. पण कापलेले हाड कधी जुळत नसे, तारा तुटत, वेळही जास्त लागे. पुढे बहुतेकांनी ही पायरी सोडली.

आता वेगवेगळ्या लांबीच्या माना आणि गोळा बाहेरच्या बाजूला नेणारे दांडे मिळतात. तरीही शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेल्या रुग्णाचे स्नायू सैल असतात आणि कमरेचे हाड किंचित तिरके झालेले असू शकते. अशा वेळी खुबा निखळण्यापेक्षा काही मिलिमीटर लांबी परवडली, असा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात.

दुसरे कारण रुग्णाच्या शरीरातच असते. झिजलेल्या खुब्यामुळे पाय हळूहळू आखूड झालेला असतो आणि कंबरेला त्याची सवय झालेली असते. लांबी पूर्ववत झाली की तोच पाय लांब वाटतो. आखडलेले स्नायू कमरेचे हाड एका बाजूला ओढतात, तेव्हा तर हाडे समान असूनही फरक जाणवतो. हा भासमान फरक व्यायामाने काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बराच ओसरतो.

त्यामुळे पहिल्या महिन्यातच मोच्याकडे जाऊन चपलेचा तळ जाड करून घेऊ नये. तिरकेपणा त्यामुळे कायम होऊ शकतो. आधी एक्स-रेवर लांबी मोजून घ्यावी. आखूड बाजूच्या पायाखाली ठरावीक जाडीच्या फळ्या ठेवून कंबर कधी समतल होते, तेही फिजिओथेरपिस्ट पाहतात. एक सेंटिमीटरपेक्षा कमी फरक अनेकांच्या अंगवळणी पडतो. त्याहून जास्त असेल आणि पाठ दुखत असेल किंवा लंगडणे थांबत नसेल, तर दुसऱ्या पायाच्या बुटात टाचेखाली चकती घालतात. ती पूर्ण फरकाइतकी नसते आणि टप्प्याटप्प्याने वाढवतात. आपल्याकडे घरात अनवाणी वावरायची पद्धत असल्याने बुटातली चकती दिवसातले थोडेच तास कामी येते. घरासाठी वेगळी स्लिपर करून घेणे शहाणपणाचे. पायाला बधिरपणा आला, पाऊल उचलता येईना, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. नस ताणली गेल्याची ती खूण असू शकते. पुन्हा शस्त्रक्रिया करून पाय आखूड करणे हा क्वचितच निवडला जाणारा मार्ग आहे, कारण तसे करताना खुबा सैल पडून निखळण्याचा धोका परत येतो.

अखेरची वर्षे

शस्त्रक्रियागृहात गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्ष उभारून चार्नली यांनी जंतुसंसर्गाचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणले. १९७४ मध्ये लास्कर पुरस्कार, १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९७७ मध्ये सर ही पदवी त्यांना मिळाली. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर आपला कृत्रिम खुबा तपासणीसाठी परत द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करत असत. अनेकांनी ती मान्य केली, आणि वापरून झालेल्या त्या वाट्यांची झीज राइटिंग्टनच्या कार्यशाळेत मोजली गेली.