ओसामू तेझुका आणि त्यांचा यंत्रबालक

जपानी ॲनिमे मालिकांपैकी प्रथम कोणती पाहावी, असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही ‘ॲस्ट्रो बॉय’ या नावाने जगभर ओळखली जाणारी ‘तेत्सुवान आतोमु’ हीच सुचवू. तिचे कर्ते ओसामू तेझुका यांचे चरित्रही तिच्याइतकेच वाचनीय आहे.

तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी तोयोनाका येथे झाला. बालपण ताकाराझुका गावी गेले. कीटकांचा छंद एवढा, की आपले नाव ‘ओसामुशी’ नामक भुंगेऱ्याशी जुळते हे पाहून त्यांनी सहीत कीटकवाचक अक्षर जोडून घेतले! १९४५ साली ओसाकावर बाँबवर्षाव झाला, तेव्हा हा शाळकरी मुलगा कारखान्यात कामास जुंपलेला होता. तो वाचला, परंतु भोवतालचा संहार त्याने डोळ्यांनी पाहिला. युद्धाविषयीचा तिटकारा त्यांच्या कृतींत जागोजाग आढळतो, त्याचे मूळ येथे आहे.

पुढे ते वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाले, पण व्यवसाय पतकरला तो चित्रकथांचा. १९६१ साली त्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली आणि १ जानेवारी १९६३ पासून ‘आतोमु’ दर आठवड्यास दूरचित्रवाणीवर दिसू लागला. इतक्या थोड्या अवधीत हजारो चित्रे काढणार कोण? तेझुकांनी चित्रांची संख्याच घटविली. पात्र स्तब्ध ठेवून केवळ ओठ हलवावे, उड्डाणाची चित्रे जपून ठेवून पुन्हा वापरावी, अशा युक्त्या योजल्या. हालचालीतील ही उणीव कथेने भरून काढली. पुत्रशोकाने व्याकूळ झालेला एक शास्त्रज्ञ मृत मुलासारखा यंत्रबालक घडवितो. पण तो वाढत नाही, म्हणून त्यालाच सर्कशीला विकून टाकतो. ज्याला बापाने टाकले, तोच पुढे माणसांच्या रक्षणार्थ झटतो. हा प्रसंग पाहताना चित्रे थोडी आहेत, याचे आम्हांस भानही राहत नाही.

मात्र ही मालिका त्यांनी खर्चापेक्षाही कमी किमतीत विकली आणि तूट चित्रकथांच्या मिळकतीतून भरली. त्यामुळे इतरांचेही दर उतरले व चित्रकारांच्या वाट्याला तुटपुंजे वेतन आले, असा आक्षेप घेतला जातो. आमच्या मते तो सर्वस्वी खोटा नाही. १९७३ साली त्यांची संस्थाही दिवाळ्यात निघाली. दुसरा कोणी खचला असता. यांनी त्याच वर्षी ‘ब्लॅक जॅक’ या परवाना नसलेल्या शल्यविशारदाची चित्रकथा आरंभिली. वैद्यकाचे शिक्षण असे कामी आले! गौतम बुद्धांच्या जीवनावरील त्यांची प्रदीर्घ चित्रकथाही याच काळातील. ती १९७२ पासून १९८३ पर्यंत चालली.

‘आतोमु’चे १९३ भाग आहेत. सारे पाहणे जमले नाही, तरी पहिला आणि अखेरचा अवश्य पाहावा. १९६६ च्या अखेरीस दाखविलेल्या त्या शेवटच्या भागात पृथ्वीला वाचविण्यासाठी तो बालक सूर्याकडे झेपावतो. त्यानंतर रंगीत मालिका हवी असेल, तर लिओ नावाच्या शुभ्र सिंहाची ‘जंगल तैतेई’ घ्यावी.

९ फेब्रुवारी १९८९ रोजी पोटाच्या कर्करोगाने तेझुका निवर्तले. रुग्णशय्येवरही त्यांचे रेखाटन चालूच होते. ‘नेओ फाउस्त’, ‘लुडविग बी’ आणि ‘ग्रिंगो’ या तीन चित्रकथा अपुऱ्याच राहिल्या.