जिंकल्यावरही चुका शोधणारा एअर चीफ

युद्धातला हिरो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पायलट येतो ना? पण 1971 च्या युद्धातले एक हिरो कॉकपिटमध्ये नव्हतेच. ते दिल्लीत हवाई दलप्रमुखांच्या खुर्चीत होते. नाव प्रतापचंद्र लाल.

जन्म 1916 चा. तुमच्या वयाचे व्हायच्या आधीच विमान उडवायचं लायसन्स खिशात! लंडनला शिकत होते, पण 1939 मध्ये महायुद्ध पेटलं आणि ते हवाई दलात आले. ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांनी 7 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं. खाली जंगलात लढणाऱ्या जवानाला वरून वेळेवर मदत मिळणं म्हणजे काय, हे त्यांनी तिथे पाहिलं.

1965 च्या युद्धात लाल उपप्रमुख होते. 1 सप्टेंबरला छांबमध्ये जुनाट व्हॅम्पायर विमानं पाठवावी लागली. पहिल्याच दिवशी चार गेली. मग पठाणकोट आणि कलाईकुंडा इथे उघड्यावर उभी असलेली विमानं जागच्या जागी जळाली. लष्कर आणि हवाई दलाचा ताळमेळही कच्चाच होता.

युद्ध संपलं की विजयाच्या गोष्टी सांगणं सोपं असतं. हवाई दलाने मात्र चुकांवर काम केलं. विमानांसाठी भक्कम काँक्रीटचे आडोसे बांधले. 1969 मध्ये प्रमुख झाल्यावर लाल यांनी लष्कराला आणि नौदलाला साथ देण्याला मोठं महत्त्व दिलं. फेब्रुवारी 1971 मध्ये तर डावपेच घडवणारं, तपासणारं आणि इतर पायलटांना शिकवणारं वेगळं युनिटच उभं राहिलं.

रिझल्ट डिसेंबरमध्ये लागला. 3 तारखेला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर अचानक हल्ला केला, पण फारसं काही हाती लागलं नाही. 5 तारखेला लोंगेवालात जैसलमेरच्या हंटर विमानांनी रणगाड्यांचा हल्ला मोडला. पूर्वेकडे मिग-21 विमानांनी ढाक्याची धावपट्टी निकामी केली. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

सगळं परफेक्ट नव्हतं. तेव्हाही आपण विमानं आणि माणसं गमावली. पण 1965 च्या त्याच चुका पुन्हा झाल्या नाहीत.

लाल 1982 मध्ये गेले. आशागडहून डहाणूला कॉलेजला येणारे असा किंवा आणखी कुठले, पुढचा रिझल्ट चांगला लागला तरी एक करा. मार्क कुठे गेले, तेही बघा.