सेवानिवृत्ती आणि दीर्घायुष्य : सर विश्वेश्वरय्या यांच्या चरित्राचा बोध

मनुष्य पंचवीस-तीस वर्षे एखादी नोकरी करतो. ठरलेल्या वेळी उठणे, ठरलेल्या वेळी जेवणे, ठरलेल्या वाटेने कचेरीत जाणे हे सर्व त्याच्या अंगवळणी पडते. मग एके दिवशी हार-तुरे होतात, सहकारी निरोप देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यास कोठेही जावयाचे नसते. प्रथम काही दिवस ही मोकळीक गोड वाटते. पुढे उठण्याची वेळ लांबते, जेवणाची वेळ चुकते, दुपारची झोप वाढते व रात्रीची कमी होते. चालणे थांबते. बोलावयास मनुष्य उरत नाही आणि जे भेटतात त्यांच्याजवळ आपल्या जुन्या अधिकाराच्या गोष्टी सांगण्यापलीकडे विषय राहत नाही. वर्ष-दोन वर्षांत तोच धडधाकट गृहस्थ थकलेला व चिडचिडा दिसू लागतो, आणि घरचे म्हणतात, वय झाले. वास्तविक वय एका वर्षात इतके होत नाही. वय वाढते ते वर्षांच्या हिशेबानेच. येथे जे मोडले ते जीवनाचे वळण होय.

ह्या प्रश्नाचा विचार करताना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे चरित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्यांनी एकदा नव्हे, दोनदा मोठ्या अधिकारपदावरून निवृत्ती घेतली, आणि दुसऱ्या निवृत्तीनंतर ते त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ जगले. ती वर्षे कशी घालविली हाच ह्या लेखाचा विषय आहे.

त्यांचा जन्म 15 सप्टेंबर 1861 रोजी त्या वेळच्या म्हैसूर संस्थानात, चिक्कबळ्ळापूरजवळील मुद्देनहळ्ळी ह्या लहानशा गावी झाला. घराणे वैदिक ब्राह्मणाचे, विद्येचे, परंतु निर्धन. शाळकरी वयातच पित्याचे छत्र हरपले. बंगळूर येथे शिकवण्या करून त्यांनी आपले शिक्षण चालविले आणि 1881 साली बी. ए. ची परीक्षा दिली. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाल्याने ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले व 1883 साली स्थापत्यशास्त्राच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी सेवेस आरंभ केला. नाशिक, खानदेश, पुणे, सिंध अशा अनेक ठिकाणी त्यांनी पाण्याची कामे केली. सिंधमधील सक्कर शहरास शुद्ध पाणी पुरविण्याची योजना त्यांची, आणि पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणावर 1903 साली बसविलेले आपोआप उघडणारे दरवाजेही त्यांचेच. भिंत उंच न करता अधिक पाणी साठवावे आणि पूर येताच जादा पाणी आपोआप वाहून जावे, अशी ती युक्ती होती.

चोवीस वर्षांच्या सेवेनंतर 1908 साली त्यांनी राजीनामा दिला. खात्यातील सर्वांत वरचे पद भारतीयास मिळेल अशी आशा त्या काळी नव्हती. वय अवघे सत्तेचाळीस. कीर्ती होती, निर्वाहाची सोय होती. कोणी म्हटले असते की आता गावी जाऊन स्वस्थ बसावे. परंतु ते युरोप-अमेरिकेच्या प्रवासास निघाले, तेथील धरणे, कारखाने व नगररचना विद्यार्थ्याच्या जिज्ञासेने पाहू लागले. इतक्यात 28 सप्टेंबर 1908 रोजी हैदराबादेस मुसा नदीला भयंकर पूर आला व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. निजाम सरकारने त्यांस पाचारण केले. 1909 साली त्यांनी तेथे येऊन पूर अडविण्यासाठी जलाशय बांधण्याची योजना आखून दिली. उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय पुढे त्या योजनेतून उभे राहिले.

त्याच वर्षी ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम 1911 साली सुरू झाले. 1912 साली महाराजांनी त्यांस दिवाणपदी नेमिले. सहा वर्षांच्या ह्या कारकिर्दीत म्हैसूर बँक, म्हैसूर विश्वविद्यालय आणि बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्था निघाल्या. 1918 च्या अखेरीस राज्यकारभाराच्या धोरणाविषयी मतभेद झाल्याने ते त्या पदावरूनही दूर झाले. तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. ज्याच्या शब्दावर एक संपूर्ण राज्य चालत होते, त्याच्या हातून सत्ता गेली. अशा प्रसंगी मनास जो धक्का बसतो तो शरीरास बसलेल्या धक्क्याहून कमी नसतो. कित्येक कर्तबगार पुरुष ह्याच ठिकाणी खचतात, कारण अधिकार आणि आपण स्वतः ह्यांत त्यांनी कधी भेदच केलेला नसतो. विश्वेश्वरय्यांनी तो भेद केला होता. त्यांनी अधिकार सोडला. कर्म सोडले नाही.

पुढील वर्षांचा हिशेब पाहावा. 1920 साली भारताच्या पुनर्रचनेवर त्यांनी ग्रंथ लिहिला. 1923 ते 1929 ह्या काळात भद्रावतीचा तोट्यात चाललेला लोखंडाचा कारखाना त्यांनी सांभाळला, आणि त्या कामाचे मानधन स्वतः न घेता तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेकडे वळविले. 1927 पासून 1955 पर्यंत ते टाटांच्या पोलाद कंपनीचे संचालक होते. म्हणजे तेथून निवृत्त होताना त्यांचे वय चौऱ्याण्णवच्या घरात होते. 1934 साली, त्र्याहत्तराव्या वर्षाच्या सुमारास, भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेचा ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. ओडिशातील महापुरांचा अभ्यास त्यांनी पंचाहत्तरी उलटल्यावर केला. 1941 साली अखिल भारतीय उत्पादकांची संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. आपल्या कार्यजीवनाच्या आठवणींचे पुस्तक 1951 साली नव्वदीच्या उंबरठ्यावर लिहून प्रसिद्ध केले. आणि बिहारमध्ये गंगेवर पूल कोठे बांधावा हा वाद उपस्थित झाला तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या ह्या वृद्धाने त्या समितीचे अध्यक्षपद स्वीकारून मोकामा ही जागा सुचविली. तो पूल 1959 साली वाहतुकीस खुला झाला. 1955 साली भारतरत्न हा सन्मान त्यांस मिळाला. 14 एप्रिल 1962 रोजी, शंभर वर्षे पूर्ण करून, त्यांनी देह ठेविला. त्यांचा जन्मदिवस आजही देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

आता त्यांच्या दिनचर्येकडे वळू. तीत गूढ असे काहीच नव्हते. शाकाहार, तोही मोजका. तंबाखू व मद्य ह्यांचा स्पर्श नाही. रोज नियमाने फिरणे. झोपण्या-उठण्याच्या वेळा निश्चित. भेटीस येणाऱ्याने ठरल्या मिनिटास यावे हा त्यांचा आग्रह प्रसिद्ध होता, आणि तो नियम ते प्रथम स्वतःस लावीत. घरातही पोशाख नीटनेटका, डोक्यास फेटा. कोणतेही काम घेण्यापूर्वी त्याची टिपणे करावयाची व ते पुरे होईपर्यंत सोडावयाचे नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती ह्या सर्वांत प्रमाण राखणाऱ्यास दुःखनाशक योग साधतो असे सांगितले आहे. हा अभियंता योगी म्हणून प्रसिद्ध नव्हता. परंतु त्या उपदेशाचे आचरण म्हणजे काय, हे त्याच्या जीवनात दिसून येते.

ह्यावरून कोणी असा अर्थ काढू नये की नियमाने वागणारा प्रत्येक मनुष्य शंभर वर्षे जगेल. आयुष्याची मर्यादा कोणाच्या हाती नाही. जन्मतः मिळालेली प्रकृती, बालपणीचे पोषण, वेळेवर मिळालेला औषधोपचार ह्या सर्वांचा त्यात वाटा असतो. नियमी पुरुषही अकाली जातात. तथापि असलेले आयुष्य पांगळेपणाने काढावयाचे की हिंडते-फिरते राहून, हे पुष्कळ अंशी आपल्या राहणीवर अवलंबून असते. वैद्यकशास्त्रही आज हेच सांगते. वृद्धाचे स्नायू अंथरुणावर पडून राहिल्यास थोड्याच दिवसांत क्षीण होतात व ते पुन्हा मिळविण्यास फार काळ लागतो. नित्य चालण्याने हृदय, रक्तदाब, मधुमेह व निद्रा ह्या सर्वांस लाभ होतो. एकाकीपणा मनाप्रमाणे शरीरासही पोखरतो.

तसेच निवृत्ती ही स्वतः शत्रू नव्हे हेही ध्यानात ठेवावे. जो जन्मभर ओझी वाहतो, भट्टीपुढे उभा राहतो, रात्रपाळी करतो, त्याच्या देहास विश्रांती हेच औषध आहे. कित्येकांची प्रकृती कामाचा भार उतरल्यावर सुधारते. विश्वेश्वरय्यांचे काम बुद्धीचे होते व ते निवडण्याचे स्वातंत्र्य त्यांस होते. सर्वांस ते नसते. आणि घरातील गृहिणीस तर निवृत्तीचा दिवसच नाही. घरच्या पुरुषाने कचेरी सोडल्यावर दिवसभर चहाच्या फर्माइशी कराव्यात आणि तिचे काम दुप्पट व्हावे, ही निवृत्ती नव्हे, अन्याय होय.

कोणी असेही म्हणेल की त्यांच्यामागे संसाराचा पाश नव्हता. पत्नीचा सहवास फार काळ लाभला नाही, अपत्य नव्हते. म्हणून त्यांस हे साधले. हे खरे आहे. परंतु ज्याच्या घरी नातवंडे आहेत त्यास तर कर्माचे क्षेत्र अंगणातच मिळाले आहे. आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ सांगितला तो आळसासाठी नव्हे. किल्ल्या सुनेच्या हाती द्याव्यात, व्यवहार पुत्राने पाहावा, आणि आपण सत्ता न गाजविता उपयोगी पडावे, हा त्यातील भाव आहे. ज्याने किल्ल्या सोडल्या नाहीत तो घरात कलह वाढवितो. ज्याने किल्ल्यांबरोबर कामही सोडले तो स्वतः झिजतो.

म्हणून निवृत्तीस पाच-सात वर्षे उरली असतानाच गृहस्थाने विचार करावा. पहाटे उठण्याची वेळ कचेरी सुटली तरी सुटू देऊ नये. शक्तीनुसार रोज चालावे. गुडघे दुखत असल्यास वैद्याच्या सल्ल्याने बसल्या-बसल्या व्यायाम करावा. भोजन श्रमाच्या प्रमाणात कमी करावे, परंतु दूध, डाळ, भाजी ह्यांत काटकसर करू नये. रक्तदाब, साखर, डोळे व कान ह्यांची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी. ऐकू कमी येऊ लागल्यास संकोचाने गप्प बसण्यापेक्षा यंत्र लावावे, कारण संभाषण तुटले की माणसेही तुटतात. आणि दिवसातून निदान दोन तास असे एखादे काम करावे की ज्याचा मोबदला मिळत नाही, पण ज्याची कोणीतरी वाट पाहते. गरीब मुलास गणित शिकवावे, मंदिराचा हिशेब लिहावा, शेजारच्या रुग्णास औषध आणून द्यावे, झाडांस पाणी घालावे.

नोकरीत असताना कर्माचे फळ वेतनरूपाने हाती पडत असते. फलाशा सोडणे तेथे कठीण. निवृत्तीनंतर वेतन नाही, पद नाही, सलाम नाही. अशा वेळी केलेले कर्म सहजच निष्काम होऊ शकते. ज्या दिवसास लोक कर्माचा अंत समजतात, तोच दिवस कर्मयोगाचा आरंभ ठरू शकतो. ही संधी भगवंतांनी प्रत्येक वृद्धास दिली आहे. ती घ्यावी की दारातील खुर्चीत बसून घालवावी, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.