पंडिता रमाबाई व दीनांची सेवा

पंडिता रमाबाईंचें नांव निघालें कीं आमच्या समाजांत प्रथम त्यांच्या धर्मांतराची गोष्ट निघते, आणि बहुधा तेथेंच संपते. पुरावा न पाहतां निकाल देण्याची ही रीत आम्हांस मान्य नाहीं.

पत्नीस संस्कृत शिकविण्याचा गुन्हा करणाऱ्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या १८५८ सालीं जन्मली. दुष्काळांत मातापितरें गेलीं. बहीणभाऊ देशभर पायीं हिंडले. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस ‘सरस्वती’ ही पदवी दिली. पुढें बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह व दोन वर्षांच्या आंतच वैधव्य.

१८८३ सालीं त्या इंग्लंडांत गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनी लंडनच्या फुलहॅम भागांत पतित स्त्रियांसाठीं एक गृह चालवीत. ज्यांची सावलीहि सभ्य लोक टाळतात, त्यांचीच शुश्रूषा तेथें ममतेनें चाललेली पाहून रमाबाई विस्मित झाल्या. येशूनें शोमरोनी स्त्रीशीं केलेल्या संभाषणांत त्यांस या वर्तनाचें मूळ सांपडलें, आणि त्याच वर्षीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

१८८९ सालीं मुंबईस शारदा सदन उघडलें. वर्षभरानें तें पुण्यास आलें. १८९३ सालीं विधवांस ख्रिस्ती धर्माकडे ओढलें जातें असा गवगवा होऊन ‘केसरी’नें झोड उठविली, रानडे, भांडारकरांनींहि सल्लागार मंडळ सोडलें. आक्षेप अगदींच निराधार होता असें आम्ही म्हणत नाहीं. धर्मशिक्षण न देण्याच्या हमीवर उघडलेल्या गृहांत चालिकेच्या प्रार्थनेस मुलींनीं बसावें कीं नाहीं, हा प्रश्न रास्त होता. पण मुली काढून नेणाऱ्यांनीं त्यांच्यासाठीं दुसरें कोणतें दार उघडलें? तें कार्य केलें प्रो. कर्वे यांनीं, १८९६ सालीं. आणि त्यांच्या पत्नी तर याच सदनाच्या विद्यार्थिनी!

त्याच सुमारास मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. उपासमार काय असते हें रमाबाईंस कोणी सांगावयास नको होतें. त्या स्वतः तिकडे गेल्या व निराधार विधवा, मुली केडगांवीं घेऊन आल्या. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथें दीड हजारांवर जीव पोसले जात होते. शेती, विणकाम, छपाई सर्व त्यांच्याच हातीं. पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळांतील स्त्रियांच्या हालांविषयीं १८९७ सालीं सरकारास जाहीरपणें जाब विचारणाऱ्याहि याच बाई. त्यांस परकीयांच्या हस्तक म्हणणारांनीं तें पत्र मात्र सोयीस्करपणें विसरून टाकलें.

१९२१ सालीं कन्या मनोरमा वारल्या. मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचें काम तडीस नेऊन रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं निवर्तल्या. तो ग्रंथ १९२४ सालीं केडगांवींच छापून निघाला. खिळे जुळविले ते आश्रमांतील स्त्रियांनीं.