अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

आपण अमरावतीजवळच्या वलगावात राहत असा किंवा अन्य कोठे, 'अंगणवाडी' हा शब्द आपल्या नित्य परिचयाचा आहे. या सामासिक शब्दाची फोड करून पाहा. त्यातील 'वाडी' हे पद 'बालवाडी'शी नाते सांगते. 'अंगण' मात्र घराचे आहे. शाळेच्या नावात घराचे अंगण कसे आले, याचे उत्तर ताराबाई मोडक यांच्या चरित्रात मिळते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या विचारांत वाढलेल्या कुटुंबात झाला. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर वकील पतीसमवेत त्या अमरावतीस राहिल्या. हा संसार टिकला नाही. पुढे त्यांनी राजकोट येथील स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. आपल्या लहान मुलीला कसे शिकवावे, हा त्या वेळी त्यांच्यापुढील प्रश्न होता. या शोधातूनच त्या भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात पोहोचल्या. बालशिक्षणाचे त्यांचे कार्य अशा रीतीने एका आईच्या काळजीतून सुरू झाले, हे आपण ध्यानात घ्यावे.

गिजुभाईंसमवेत त्यांनी माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्याचा प्रयत्न केला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' या मासिकातून ताराबाईंनी शिक्षकांप्रमाणेच पालकांसाठीही लेखन केले. १९३६ मध्ये त्यांनी दादर येथे शिशुविहार सुरू केले. तथापि हे शिक्षण मुख्यतः शहरातील सुस्थितीतील घरांपर्यंतच पोहोचत होते.

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. बालवाडी सुरू झाली. परंतु दलित वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. ताराबाईंनी याचा दोष पालकांच्या माथी मारला नाही. त्यांनी बालवाडीच त्या वस्तीतील घरांच्या अंगणात नेली. मुले आपल्या माणसांच्या नजरेसमोर खेळू लागली, शिकू लागली. आणि मुलांचे शिकणे घरातील माणसांनाही पाहता आले.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथील मुले गुरे राखत. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. मोठ्या मुलींना धाकटी भावंडे सांभाळावी लागत. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या. कुटुंबाची अडचण समजून घेऊन शाळेचा आकार बदलणे, हे ताराबाईंच्या कार्याचे मुख्य सूत्र होय.

१९६२ मध्ये त्यांना 'पद्मभूषण' हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हे नाव मिळाले. आज ही केंद्रे बहुधा स्वतंत्र खोलीत भरतात. नाव टिकले, मात्र त्या नावातील घर केंद्रात कितपत उरले आहे, हे तपासणे आवश्यक आहे.

स्वाध्याय : आपल्या गावातील अंगणवाडीस भेट द्या. पालक मुलाला दारापाशी सोडून परततात की आतील कामातही सहभागी होतात, याचे निरीक्षण करा आणि दहा ओळींत नोंद लिहा. आपण स्वतः पालक असाल, तर आपलाही त्या नोंदीत समावेश करावा.