कांचेवरील दुसरी आकृति : विल्यम ममलर याचें अल्पचरित्र

थोरांचीं चरित्रें वाचून काय करावें हें कळतें. कांहीं प्रसिद्ध पुरुषांचीं चरित्रें वाचून काय करूं नये हेंही कळतें. अमेरिकेंतील छायाचित्रकार विल्यम ममलर याचें चरित्र या दुसऱ्या प्रकारचें आहे असें आम्हांस वाटतें, आणि म्हणूनच तें आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

ममलर याचा जन्म इ. स. १८३२ मध्यें झाला. बोस्टन शहरांतील एका जवाहिऱ्याच्या पेढीवर तो नक्षी कोरण्याचें काम करी. हात कुशल, बुद्धि चौकस. फावल्या वेळीं त्यास फोटो काढण्याचा नाद लागला. इ. स. १८६१ च्या सुमारास एके दिवशीं त्यानें स्वतःचाच फोटो घेतला आणि कांच धुऊन पाहतो तों आपल्या शेजारीं एका मुलीची धूसर आकृति ! कांचेवर पूर्वीच्या चित्राचा अवशेष राहिला असावा, असा त्याचा पहिला तर्क होता. परंतु परलोकविद्येच्या अनुयायांनीं तें मृतात्म्याचें छायाचित्र ठरविलें, त्यांच्या वर्तमानपत्रांनीं त्याचा गाजावाजा केला, आणि ममलरनें आपला पहिला तर्क सोडून दिला. लवकरच कोरीव काम सोडून तो हाच धंदा करूं लागला.

अशी आकृति कशी उमटते तें येथें सांगणें अवश्य आहे. त्या काळीं कांचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव पसरून ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत बुडवीत व ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालीत. प्रकाश पडे तेथेंच कांचेवर परिणाम होई. काळ्या पडद्याचा भाग जवळजवळ कोराच राही. अशा पडद्यापुढें शुभ्र वस्त्रांतील व्यक्तीस थोडाच वेळ उभें करून, मग त्याच कांचेवर दुसऱ्या माणसाचा फोटो पूर्ण वेळ घेतला, म्हणजे पहिली आकृति फिकट व पारदर्शक उमटते. सर डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञानें इ. स. १८५६ मध्येंच करमणुकीसाठीं भुतांचीं चित्रें काढण्याची युक्ति आपल्या ग्रंथांत दिली होती. इंग्लंडांत ऑस्कर रेलँडर या कलावंतानें इ. स. १८५७ मध्यें तीसांहून अधिक कांचांपासून एकच भव्य चित्र सिद्ध केलें, आणि तें कसें केलें हें लपविलें नाहीं.

ममलरचा काळ मात्र दुःखाचा होता. इ. स. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धांत अमेरिकेंत सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्यु पावले. घरोघरीं एक जागा रिकामी झाली होती. अशा घरांतील माता व विधवा त्याच्या स्टुडिओंत येत आणि अंधुक डागांत आपल्या माणसाचें मुख ओळखीत. चित्रांत जें स्पष्ट नसे तें त्यांचे अश्रु पुरें करीत. इ. स. १८६३ मध्यें बोस्टनमधील असा एक मृतात्मा त्याच शहरांत जिवंत असल्याचें उघडकीस आलें, तेव्हां त्याची पत ढासळली.

पुढें तो न्यूयॉर्कला गेला व तेथें एका बैठकीचे दहा डॉलर घेऊं लागला. इ. स. १८६९ च्या एप्रिलमध्यें फसवणुकीच्या आरोपावरून त्यास पकडण्यांत आलें. प्रसिद्ध तमासगीर बार्नम यानें साक्ष दिली. शिवाय एका फोटोग्राफराकडून लिंकनच्या छायेसह स्वतःचा फोटो काढवून हें किती सोपें आहे तें दाखविलें. परंतु ममलरचे हात कोणीं प्रत्यक्ष पकडले नव्हते. लबाडी झाली असावी असें मनांत असूनही, पुरावा अपुरा म्हणून न्यायाधीशानें त्यास सोडून दिलें.

तो बोस्टनला परतला. इ. स. १८७२ च्या सुमारास काळा बुरखा घेतलेली एक स्त्री खोटें नांव सांगून त्याच्यापुढें बसली. ती लिंकनची विधवा होती. पतीचा वध तिच्या शेजारींच झालेला. चार पुत्रांपैकीं तिघे गेलेले. त्या फोटोंत तिच्या खांद्यांवर हात ठेवून लिंकन उभा दिसतो. तें चित्र अद्याप उपलब्ध आहे. तें पाहतांना आम्हांस हंसूं येत नाहीं.

इ. स. १८७५ मध्यें ममलरनें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. त्यांत त्यानें आपण निर्दोष असल्याचेंच सांगितलें. पुढें छायाचित्रावरून छपाईचे ठसे करण्याची एक उपयुक्त रीतीही त्यानें शोधली. इ. स. १८८४ मध्यें तो वारला.

कोणी म्हणेल, त्या दुःखितांस समाधान तर मिळालें ना ? आम्हांस हें मान्य नाहीं. शोक करणारा मनुष्य परीक्षा करण्यास असमर्थ असतो. म्हणूनच त्याच्याशीं व्यवहार करणारानें दुप्पट प्रामाणिक असावें. एकाच फोटोंत एकाच माणसास दोनदां बसविणारा स्टुडिओवाला आपल्या इकडेही असे, आणि तें कौतुक पाहून मुलें टाळ्या पिटीत. कारण तेथें युक्ति ही युक्तीच म्हणून दाखविलेली असे. कांच तीच, रसायनें तींच. रेलँडरनें जें सांगितलें तें ममलरनें लपविलें, एवढाच भेद; आणि विद्यार्थिमित्रहो, हातांत विद्या आल्यावर तुम्हांसही निवड करावी लागेल ती याच दोहोंमधून.